गाईडलाईनपासून बाजूला गेलो, तर कायद्याने दोषी ठरतो का?

डॉक्टर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाला उत्तर देतोय ते आपल्या दोघांनाही स्पष्ट राहील. एम.डी. झाल्यावर तुम्ही मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी ओपीडी सुरू केलीत. तिशीतला एक बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा आजार असलेला) रुग्ण आहे, दर दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जाणारा. मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांपैकी त्याला तुम्ही लिथियम न देता व्हॅल्प्रोएट दिलं. त्याचा शिकलेला मेहुणा इंडियन सायकिॲट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या उपचारविषयक गाईडलाईनची छापील पानं घेऊन आला, ‘लिथियम’खाली पेनाने रेघ ओढलेली, आणि म्हणाला, ‘यात लिहिलंय ते का नाही दिलं? उद्या काही झालं तर आम्ही कोर्टात हेच दाखवणार.’ तुम्ही विचारता : गाईडलाईन सोडली म्हणून मी दोषी ठरेन का? आणि अक्षरशः पाळली तर सुरक्षित राहीन का?

दोन्ही प्रश्नांना माझं थोडक्यात उत्तर ‘नाही’ असं आहे. पण तेवढ्याने तुमची झोप परत येणार नाही. तुमची खरी अडचण वेगळी आहे. हा निर्णय तुम्ही का घेतलात, हे तुम्हाला आज पाठ आहे. दोन वर्षांनी तुम्ही शहरात असाल, रुग्ण दुसरीकडे असेल, आणि तुम्हाला कधीही न भेटलेला एक माणूस फक्त तुमचा केसपेपर समोर घेऊन बसेल. त्याला त्या कागदावरून तुमचं कारण कळेल का? गाईडलाईन आणि कायदा यांचा सांधा इथे आहे.

मी वकील नाही, मानसोपचारतज्ज्ञ आहे. हलगर्जीपणाच्या तक्रारींवर वैद्यकीय मत देणाऱ्या समित्यांवर बसलो आहे, त्यामुळे फाईल उघडल्यावर समोरचे लोक काय शोधतात ते जवळून पाहिलं आहे. तुमच्यावर प्रत्यक्ष नोटीस आली तर मात्र आधी वकील गाठा आणि विमा कंपनीला कळवा. मी पुढे लिहितोय ते नोटीस येण्याआधीच्या दिवसांसाठी आहे.

पहिली गोष्ट, तक्रार कुठे होते यावर बरंच अवलंबून आहे. पोलिसांत गेली तर प्रश्न फौजदारी निष्काळजीपणाचा. आधी ते भारतीय दंड संहितेचं कलम ३०४ अ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ आहे, आणि त्यात नोंदणीकृत डॉक्टरसाठी शिक्षेची मर्यादा दोन वर्षांची ठेवली आहे. इथे साधी चूक पुरत नाही, ढळढळीत हलगर्जीपणा लागतो. ग्राहक आयोगात मात्र तेवढी मोठी चूक लागत नाही. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि तिथे वाजवी काळजी घेतली का एवढंच पाहून भरपाई ठरते. तिसरी जागा महाराष्ट्र वैद्यक परिषद, जिथे तुमचं वर्तन आणि नोंदणी पणाला लागते. चौथी आहे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७. हा आपल्या क्षेत्राचा खास कायदा, आणि त्याची तऱ्हा बाकी तिघांपेक्षा अगदी निराळी आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर बोलू, कारण तरुण डॉक्टर गाईडलाईनला नको इतके घाबरतात आणि या कायद्याला हवे तितके घाबरत नाहीत.

आता गाईडलाईन म्हणजे काय ते नीट पाहू. आपल्या सोसायटीने नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांवरच्या गाईडलाईन काढल्या आणि २०१७ च्या सुमारास त्या नव्याने लिहिल्या. इंग्लंडच्या नाईस या संस्थेच्या आहेत, अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्याही आहेत. यातली कुठलीही गाईडलाईन स्वतःला कायदा म्हणवत नाही. समोरचा रुग्ण आणि तिथली परिस्थिती पाहून सल्ला बदलावा लागेल, हे त्या लिहिणाऱ्यांनीच नमूद केलेलं असतं. ते केवळ स्वतःला सोडवून घेण्यासाठी नाही. ज्या चाचण्यांवर हे सल्ले उभे आहेत त्यांतून दारू पिणारे, किडनी बिघडलेले, आत्महत्येचा मोठा धोका असलेले रुग्ण बहुधा वगळलेले असतात. आणि वर्षातले पाच-सहा महिने फडावर राहणारा ऊसतोड कामगार अशा चाचणीत कुठून येणार?

तरीही न्यायालयाच्या दृष्टीने गाईडलाईनला वजन आहे. ते कुठून येतं हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आज देशभरातल्या सगळ्या डॉक्टरांना ज्या कसोटीवर तोललं जातं, ती मानसोपचाराच्याच वॉर्डात जन्मली. १९५४ साली उत्तर लंडनच्या फ्रायर्न हॉस्पिटलमध्ये बोलम नावाच्या नैराश्याच्या रुग्णाला ईसीटी, म्हणजे मेंदूला थोडी वीज देऊन झटका आणण्याचा उपचार, दिली. स्नायू शिथिल करणारं औषध दिलं नव्हतं. झटक्याच्या वेळी त्याला धरून ठेवलं नव्हतं. हाड मोडण्याचा धोका असतो हे आधी सांगितलंही नव्हतं. झटका आला आणि दोन्ही बाजूंच्या खुब्याच्या वाट्या मोडल्या. खटला १९५७ मध्ये उभा राहिला, तेव्हा स्नायू शिथिल करावेत की नाही यावर ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांमध्येच दोन तट होते. न्यायमूर्ती मॅकनेअर यांनी ज्यूरीला सांगितलं की त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांच्या एखाद्या गटाला मान्य असलेली पद्धत वापरली असेल, तर दुसऱ्या गटाचं मत विरुद्ध आहे एवढ्यावर डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. निकाल हॉस्पिटलच्या बाजूने लागला.

ही बोलम कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या निकालात स्वीकारली. त्यातलं एक म्हणणं तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडतं. डॉक्टरने त्या काळी वैद्यकक्षेत्राला मान्य असलेली पद्धत अवलंबली असेल, तर याहून चांगला दुसरा पर्याय उपलब्ध होता केवळ एवढ्यावर त्याला दोषी धरता येत नाही. त्याच निकालाने असंही सांगितलं की फौजदारी तक्रारीत तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, आणि डॉक्टरला सरधोपट अटक करू नये. मेहुण्याच्या धमकीने तुमच्या मनात जे चित्र उभं राहिलं असेल, ते या निकालापुढे बरंच फिकं पडतं.

मग गाईडलाईन यात कुठे बसते? ‘मान्य पद्धत कोणती’ हे न्यायाधीशाला कुणीतरी सांगावं लागतं. तज्ज्ञ साक्षीदार ते सांगतो, आणि गाईडलाईन त्याच्या हातातला सोयीचा कागद असतो. ती पुरावा आहे. तिच्यावर प्रश्न विचारता येतात, तिच्याविरुद्ध दुसरं मत मांडता येतं. ग्राहक आयोगाच्या बाबतीत एक सावधगिरी ठेवा. २०१० च्या व्ही. किशन राव निकालानंतर प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत हवंच असं राहिलेलं नाही. उघड दिसणाऱ्या चुकीत आयोग स्वतः कागद वाचून मत बनवू शकतो. अशा वेळी गाईडलाईनचा अर्थ समजावून सांगायला कुणी तज्ज्ञ नसेल, फक्त तुमचा केसपेपर असेल.

बोलम कसोटीची ढाल कुठवर पुरते हेही पाहून ठेवा. इंग्लंडमध्येच १९९७ च्या बोलिथो निकालाने सांगितलं की तज्ज्ञांचं मत बाजूने असणं पुरेसं नाही, ते मत तर्कावर टिकलं पाहिजे. ‘आमच्याकडे सगळे असंच करतात’ हे उत्तर समितीसमोर मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : का करतात? तिथे बरेच जण गप्प होतात. शिवाय मान्य पद्धत काळाबरोबर सरकते. बोलमला ज्या पद्धतीने ईसीटी दिली, त्या पद्धतीने आज भारतात दिली तर शंभर तज्ज्ञ बाजूने उभे करूनही उपयोग नाही, कारण भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध यांविना ईसीटी देण्यावर २०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने बंदी घातली आहे.

उलट बाजूचीही एक घटना आपल्या विषयात गाजलेली आहे. राफाएल ओशरॉफ हा अमेरिकेतला किडनीचा डॉक्टर १९७९ मध्ये तीव्र नैराश्याने मेरिलँडच्या चेस्टनट लॉज या नामांकित संस्थेत दाखल झाला. तिथे साधारण सात महिने त्याला मनोविश्लेषणावर आधारलेली मानसोपचार पद्धत दिली, नैराश्यावरची औषधं दिली नाहीत. तो खंगत गेला, येरझाऱ्या घालून पायांना फोड आले. घरच्यांनी हलवून कनेटिकटच्या सिल्व्हर हिल इथे नेलं. तिथे औषधं सुरू झाली, काही आठवड्यांत फरक दिसला आणि काही महिन्यांत तो घरी गेला. त्याने चेस्टनट लॉजवर दावा लावला. शेवटी न्यायालयाबाहेर तडजोड झाली, त्यामुळे बांधील असा निकाल त्यातून निघाला नाही. पण त्या दाव्यानंतर जेराल्ड क्लेरमन आणि ॲलन स्टोन यांच्यात झालेला वाद आजही प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचावा असा आहे. पुरावा ज्या उपचाराच्या बाजूने आहे तो रुग्णाला मिळण्याचा हक्क आहे, अशी क्लेरमन यांची भूमिका. एका विचारसरणीचं मत कायद्याचा दंडक होऊ नये, ही स्टोन यांची भीती. मला दोघांचंही पटतं. प्रॅक्टिससाठी मी त्यातून एवढंच घेतलं : मी जो उपचार देत नाही, तो अस्तित्वात आहे हे रुग्णाला माझ्या तोंडून कळलं पाहिजे.

भारतात हे केवळ सौजन्याचं राहिलेलं नाही. २००८ च्या समीरा कोहली निकालात सर्वोच्च न्यायालयाने खरी संमती कशाला म्हणायची ते सांगितलं आहे. उपचार कशासाठी, त्याचे फायदे, ठळक धोके, उपचार नाकारले तर काय होईल, आणि दुसरे पर्याय कोणते, एवढं सांगितल्यावर मिळते ती संमती. तेव्हा मेहुण्याच्या प्रश्नातला घातक भाग ‘लिथियम का दिलं नाही’ हा नाही. घातक ठरेल तो ‘लिथियम नावाचं औषध आहे हे आम्हाला सांगितलंच नाही’ हा.

आता २०१७ च्या कायद्याकडे येतो. गाईडलाईनपासून कारण देऊन बाजूला जाता येतं. कायद्यापासून कितीही चांगलं कारण असलं तरी जाता येत नाही. हा फरक मनात पक्का करा, कारण दोन्ही एकाच फायलीत येतात आणि कधीकधी एकमेकांच्या विरुद्ध उभे राहतात. कॅटाटोनियाचंच घ्या. रुग्ण ताठरलेला, अन्नपाणी बंद, ताप चढतोय, लोराझेपाम या औषधाला दाद नाही. अशा वेळी गाईडलाईन ईसीटीकडे बोट दाखवतात, आणि ती लवकर द्यावी म्हणतात. पण कायद्याचं कलम ९४ तातडीचा उपचार बहात्तर तासांपर्यंत करू देतं आणि त्याच कलमात त्या मुदतीत ईसीटी देण्याला मज्जाव करतं. मग मी काय करतो? सलाईन, लोराझेपाम, ताप आणि रक्ताच्या तपासण्या चालू ठेवून त्याच दिवशी कलम ८९ खाली दाखल करून घेण्याची प्रक्रिया सुरू करतो : दोन स्वतंत्र तपासण्या, एक मानसोपचारतज्ज्ञाची आणि दुसरी दुसऱ्या डॉक्टरची किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिकाची, आणि रुग्णाची निर्णयक्षमता नसल्याची नोंद. मग नामनिर्देशित प्रतिनिधीची (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाची) लेखी संमती घेतो आणि भूलतज्ज्ञाला बोलावतो. रुग्ण अठराच्या आतला असेल तर पालकाची संमती आणि या कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्हींशिवाय ईसीटी नाही. कलम ९४ मधली ही अट बदलावी असं माझं ठाम मत आहे. तिच्यापायी ज्या रुग्णाला वेळ नसतो त्याचाच वेळ जातो. तरी ती बदलेपर्यंत पाळायची, कारण या कायद्याच्या भंगाला कलम १०८ खाली पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि तिथे बोलम कसोटी मदतीला येत नाही.

अशाच आणखी गोष्टी आहेत. क्लिनिकला जोडून दोन खाटा टाकून मानसिक रुग्ण दाखल करत असाल तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. रुग्णाने आजारी नसताना ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह (पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत याचा लेख) लिहून ठेवला असेल आणि त्यात एखादा उपचार नाकारला असेल, तर गाईडलाईन त्या उपचाराला पहिलं स्थान देत असली तरी तुम्ही आपल्या अधिकारात तो देऊ शकत नाही. तातडीच्या उपचाराला ही अट लागू नाही. बाकी वेळी तो लेख बदलायचा तर मंडळाकडे जावं लागतं. वैध डायरेक्टिव्ह पाळल्यामुळे काही अनपेक्षित घडलं तर कलम १३ तुम्हाला संरक्षण देतं. हे फार कमी जणांना माहीत आहे.

आता तुमच्या रुग्णाकडे येऊ. मेहुण्याने गाईडलाईनमधली एक ओळ वाचली, पान वाचलं नाही. मॅनियाच्या, म्हणजे उन्मादाच्या, उपचारात लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि काही अँटिसायकॉटिक औषधं हे सगळेच मान्य पर्याय आहेत. लांब पल्ल्याच्या प्रतिबंधासाठी लिथियमचं पारडं जड आहे, आणि आत्महत्येचा धोका कमी करण्याचा पुरावाही त्याच्याच बाजूने सर्वांत भक्कम आहे. म्हणजे मेहुण्याचा प्रश्न वेडगळ नाही, त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे. ते उत्तर तुमच्या रुग्णाच्या आयुष्यात आहे. लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. रक्तातली पातळी मोजावी लागते, शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी, आणि सुरुवातीला वारंवार. उन्हात दिवसभर कोयता चालवून घाम गेला, पाणी कमी पडलं, की पातळी चढते. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं की चढते, आणि ऊसतोडीच्या फडावर अंगदुखीची गोळी किती सहज घेतली जाते ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहत असाल. अशा माणसाला पातळी तपासण्याची सोय नसताना लिथियम देऊन पाच महिन्यांसाठी पाठवणं, हे गाईडलाईनच्या एका ओळीला धरून आणि तिच्या पूर्ण पानाला सोडून झालं असतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. अर्धी पाळलेली गाईडलाईन ही न पाळलेल्या गाईडलाईनपेक्षा जास्त अडचणीची. समितीवर असताना ज्या फायलींनी मला अस्वस्थ केलं, त्यांत औषध पुस्तकाबरहुकूम निवडलेलं होतं आणि तपासण्या नव्हत्या. स्किझोफ्रेनियावरचं क्लोझापीन योग्य रुग्णाला, दोन औषधं पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊन झाल्यावर सुरू केलेलं, पण पांढऱ्या पेशींची मोजणी दुसऱ्या महिन्यात थांबलेली. लिथियम बरोबर दिलेलं, थायरॉईड आणि क्रिॲटिनिन (किडनीची तपासणी) वर्षभर पाहिलेलं नाही. व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला दिलेलं, गर्भावरच्या परिणामांबद्दल एक शब्द नोंदलेला नाही. इथे ‘मी गाईडलाईनप्रमाणेच औषध दिलं’ म्हणणं तुमच्याविरुद्ध जातं. गाईडलाईन तुम्ही वाचली होती हे त्यातून सिद्ध होतं, आणि मग पुढचं पान का सोडलं याला उत्तर उरत नाही.

म्हणून केसपेपरवर कारण लिहा. फार नको, सहा-सात ओळी. इंग्रजीत लिहा, मराठीत लिहा, पण त्याच दिवशी लिहा. तुमच्या रुग्णासाठी मी अशी नोंद केली असती :

‘बायपोलर, सध्या स्थिर. प्रतिबंधक उपचारासाठी लिथियम, व्हॅल्प्रोएट व अँटिसायकॉटिक या पर्यायांवर रुग्ण व पत्नीशी बोललो, प्रत्येकाचे फायदे-धोके सांगितले. लिथियम प्रथम विचारात घेतलं. तूर्त देत नाही, कारणं : हंगामात ऊसतोड, उन्हात कष्ट, डायक्लोफेनॅकचा नेहमी वापर, मुक्कामाच्या जागी पातळी तपासण्याची सोय नाही. व्हॅल्प्रोएट निवडलं, रुग्णाला मान्य. यकृताच्या तपासण्या व प्लेटलेट आज पाठवल्या. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, सध्या नाहीत, पूर्वी प्रयत्न नाही. गोळ्या पत्नीकडे. दर महिन्याला फोनवर फेरतपासणी. हंगामाहून परतल्यावर लिथियमचा पुन्हा विचार.’

ही नोंद वाचणाऱ्या तज्ज्ञाला व्हॅल्प्रोएटपेक्षा दुसरं काही आवडलं असतं, तरी तो तुम्हाला निष्काळजी म्हणू शकणार नाही. तुम्ही गाईडलाईन वाचली, समोरचा माणूस पाहिला, आणि दोन्ही जुळवून निर्णय केला, हे तिथे दिसतं. फोनवरच्या तपासणीला २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांचा आधार आहे, पण प्रत्येक फोनची नोंदही पेपरवर हवी. ‘फोनवर बरा आहे’ एवढी नको. झोप, बोलणं, पैशांचा खर्च, गोळ्या चुकल्या का, असं काय विचारलं ते लिहा. हंगामाआधी रुग्णाच्या हातात एक चिठ्ठी द्या : निदान, औषध, मात्रा, तुमचा फोन. कारखान्याजवळच्या कुठल्याही डॉक्टरला ती उपयोगी पडेल.

‘उद्या काही झालं तर’ या शब्दांमागे आत्महत्येची भीती आहे, तेव्हा त्यावरही बोलतो. रुग्णाने आत्महत्या केली म्हणून डॉक्टर आपोआप दोषी ठरत नाही. आपल्या विषयात जगातला उत्तमातला उत्तम डॉक्टरही प्रत्येक मृत्यू टाळू शकत नाही, आणि न्यायालयांना हे समजतं. तपासलं जातं ते असं : विचारलं होतं का? उत्तर लिहिलं होतं का? धोका दिसल्यावर त्याप्रमाणे काही बदललं का? म्हणजे भेट लवकरची ठेवली का, गोळ्या कमी दिल्या का, घरच्यांना सावध केलं का, दाखल होण्याचा सल्ला दिला का. दाखल व्हायला नकार मिळाला तर तो नकार आणि त्याचं कारण लिहिलं का. ‘आत्महत्येचे विचार नाहीत’ हा शिक्का दर भेटीला सारखाच मारलेला असेल तर त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रयत्न करून वाचलेला रुग्ण तुमच्याकडे आला, तर कायदा आता त्याच्या बाजूने आहे हेही त्याला सांगा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार तो तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ नव्या न्याय संहितेत राहिलेलं नाही. पोलिसांच्या भीतीने प्रयत्न लपवणारी कुटुंबं मी खूप पाहिली. लपवल्यामुळे पुढचा प्रयत्न रोखायची संधी हुकते.

मेहुण्याशी कसं वागायचं? आधी रुग्णाला विचारा : ‘तुमच्या आजाराबद्दल यांच्याशी बोलू का?’ २०१७ च्याच कायद्याच्या कलम २३ खाली आजाराची माहिती गोपनीय ठेवणं तुमचं कर्तव्य आहे, आणि नातं जवळचं आहे म्हणून मेहुण्याला ती आपोआप मिळत नाही. रुग्णाने पत्नीला प्रतिनिधी नेमलं असेल तर तिचं स्थान वेगळं. आपल्याकडे सगळं घर मिळून दवाखान्यात येतं आणि डॉक्टर सगळ्यांसमोर सगळं बोलतो, इतकं की हा प्रश्न कुणाला सुचतही नाही. रुग्ण हो म्हणाला की मेहुण्याला बसवून घ्या, त्याने आणलेलीच पानं त्याच्यासोबत वाचा, लिथियमबरोबर लिहिलेल्या तपासण्या दाखवा, आणि ऊसतोडीचं कारण सांगा. तो शत्रू नाही. बहिणीचं घर मोडू नये म्हणून धडपडणारा माणूस आहे, आणि औषधं वेळेवर घेतली जावीत यासाठी पुढे तोच तुमच्या उपयोगी पडेल. ही भेटही पेपरवर नोंदवा.

राहिलं कागदांचं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं ठेवायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे, पण उशीर माफ होऊ शकतो. म्हणून मी ओपीडीचे पेपरही तीन वर्षांहून बरेच जास्त काळ ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावेत. तक्रारीची कुणकुण लागल्यावर जुन्या नोंदीत एक अक्षरही घालू नका. शाई, ओळीतली दाटी, संगणकातली वेळ, सगळं उघडं पडतं, आणि मग उपचार बरोबर असूनही कुणी तुमचं ऐकत नाही. काही राहून गेलं असेल तर आजच्या तारखेने, ‘पूर्वीच्या भेटीबद्दल जादा नोंद’ असं म्हणून वेगळं लिहा. तुमच्या या रुग्णाच्या बाबतीत अशी जादा नोंद आजच करता येईल, कारण अजून काहीही बिघडलेलं नाही. व्यावसायिक विमा घेतला नसेल तर या महिन्यात घ्या, आणि पुढे कधी ईसीटी सुरू करायचा विचार असेल तर ती त्यात धरली आहे का हे पॉलिसीत वाचून मगच सही करा.